पेजेच्या काठी उलटी झाडं

घाट उतरून गाडी कर्जतला थांबली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. फलाटावर पाय ठेवल्याबरोबर मी पहिलं काम केलं ते म्हणजे वडापाव खाल्ला, तोही दात घासायच्या आधी. बार्शीला हे कळलं असतं तर माझी अब्रूच गेली असती. पण बार्शी घाटापलीकडे राहिली होती, वडा गरम होता आणि निवृत्त बाईला विचारणार कोण! दुसरा मागितला तेव्हा वडेवाला म्हणाला, "आजी, चटणी तिखट हाय." मी म्हटलं, "अरे, सोलापूर जिल्ह्यातली आहे मी. घाल तू." त्याने सढळ हाताने घातली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते प्रवासातल्या जागरणामुळे, असं मी त्याला ठणकावून सांगितलं.

मला न्यायला मनीषा आली होती. ही माझी विद्यार्थिनी. शाळेत नकाशातल्या नद्या निळ्याऐवजी तपकिरी रंगवायची आणि वर "बाई, आपल्या नदीचं पाणी असंच दिसतं" म्हणून मलाच शिकवायची. आता ती इंजिनिअर आहे आणि नद्यांचे ढासळते काठ वाचवायचं काम करते. महिन्याभरापूर्वी तिचा फोन आला होता. "बाई, नदी वळणाच्या बाहेरच्या काठाला खाते आणि आतल्या काठावर माती टाकते, हे तुम्हीच शिकवलंत ना? इथे पेज नदीला असाच एक बाहेरचा काठ आहे आणि त्यावर एका आजींचं घर आहे. तो काठ आम्ही पडलेल्या झाडांनी अडवणार आहोत. या बघायला."

मी तीस वर्षं भूगोल शिकवला. नागमोडी नदी फळ्यावर डोळे मिटून काढीन. पण खरंखुरं वळण बघायला म्हणून कधी कुठे गेले नव्हते. शाळेची सहल आम्ही दरवर्षी साखर कारखान्यालाच न्यायचो. त्यामुळे मनीषाला मी लगेच हो म्हणून टाकलं आणि जानेवारीत पिशवी भरली.

कर्जत स्टेशनबाहेरून टमटम (म्हणायला सहा जणांची आणि प्रत्यक्षात अकरा जणांची रिक्षा) पकडून आम्ही त्या आजींच्या गावाला, सावरडोहला निघालो. भात कापून झालेली शेतं, शेतातच रचलेल्या पेंढ्याच्या उडव्या, आणि भाताच्या खुंटांमधून हिरवागार उगवलेला वाल. पाणी न देता, नुसत्या दवावर! मधूनमधून मुंबईकरांच्या फार्महाऊसच्या उंच भिंती लागत होत्या आणि त्यांच्या फाटकांवर नको इतकी सुंदर नावं होती. पूर्वेला सह्याद्री सगळी वाट सोबतीला होता. मग एका उतारावर पेज दिसली आणि मी रिक्षा थांबवायला लावली. भर जानेवारीत वाहती नदी! आमच्याकडे या दिवसांत नदी म्हणजे गोट्यांचा रस्ता. मनीषा म्हणाली, "वर वीजघर आहे. तिथून सुटलेलं पाणी येतं, म्हणून पेज बारमाही. सकाळी कमी, दुपारनंतर चढते." रिक्षातल्या दहा जणांनी माझ्या आनंदासाठी पाच मिनिटं वाट पाहिली, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या हिराबाई दारातच उभ्या होत्या. साठी उलटलेली, शिडशिडीत, तुरुतुरु चालणारी बाई. घर कौलारू, अंगण सारवलेलं, अंगणापुढे वालाच्या चार ओळी आणि त्यापुढे एकदम काहीच नाही. जमीन सुरीने कापावी तशी सरळ खाली तुटलेली. कड्यातून एका आंब्याची मुळं लोंबत होती. आंबा स्वतः मागच्या पावसाळ्यात गेला होता.

"लगीन होऊन आले तवा घरातनं नदी दिसायची नाय," हिराबाई म्हणाल्या. "मधी दोन शेतं होती. आता चुलीपाशी बसून दिसते."

त्यांचा मुलगा प्रकाश रसायनीच्या एका कंपनीत वेल्डर आहे आणि मोहोपाड्याला भाड्याच्या खोलीत राहतो. त्याने आईला सांगून टाकलं होतं, की या पावसाळ्यात आणखी काठ गेला तर टेंपो घेऊन येईन आणि तुला सामानासकट उचलून नेईन. त्याचंही चुकत नव्हतं. पण हिराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "तिथं खोलीत काय करू, बाई? खिडकीतनं कंपनीची चिमनी बघू? जीव घुसमटंल माझा."

दुपारी तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि कांद्यातली सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) असं जेवण झालं. सुकट मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली. पहिल्या घासाला नाक मुरडलं आणि तिसऱ्यांदा वाढून घेतली.

जेवल्यावर मनीषाने काठावर नेऊन काम समजावलं. मुळांसकट उन्मळून पडलेली तीन मोठी जांभळं तिथे आणून टाकली होती. फांद्या छाटलेल्या, मुळांचा पसारा मात्र तसाच. चौथं झाड दुसऱ्या दिवशी खालापूरकडून आणायचं होतं. "काठात खोल चर खणायचा," मनीषा सांगत होती. "बुंधा त्यात आडवा पुरायचा, जवळजवळ सगळा. मुळं तेवढी बाहेर, नदीकडे तोंड करून. वरून ओंडके आडवे अडकवायचे, दगडांनी दाबायचं, माती भरायची. पुराचं पाणी मुळांत शिरलं की त्याचा जोर मोडतो आणि आणलेली माती ते तिथेच टाकतं. काठावर वाळा आणि निर्गुडी लावायची. लाकूड कुजेपर्यंत त्यांची मुळं काठ धरतात."

"जांभूळ पाण्यात कुजत नाय," हिराबाई म्हणाल्या. "आमच्या विहिरीच्या तळाला जांभळाचंच कडं हाय."

"म्हणजे झाड उलटं पुरायचं?" मी विचारलं.

"हो बाई, उलटं."

एवढ्यात पलीकडच्या काठावरून आरोळी आली. कमरेवर हात ठेवून एक धिप्पाड बाई उभी होती. "ओ मॅडम! तुमी तिकडं झाडं रोवणार नि पाणी फेकणार आमच्या अंगावर! विहीणबाई, तुमची लेक आमी करून घेतली. नदी नाय करून घ्यायची, सांगून ठेवते!"

या गोदाबाई. हिराबाईंची मुलगी त्यांची सून, त्यामुळे नदीच्या दोन काठांवर दोन विहिणी. हिराबाई इकडून ओरडल्या, "आधी हिकडं या, च्या घ्या, मंग भांडा!"

"उद्या येते!" गोदाबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून चालत्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मनीषा ट्रेलरबरोबर खालापूरला निघालो. प्रकाश दोन दिवसांची रजा काढून नुकताच आला होता. मनीषाने त्याला आणि जेसीबीवाल्याला सांगितलं, "आम्ही येईपर्यंत चर खणून ठेवा." बस्स, एवढंच सांगितलं. जेसीबी तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतच मिळाला होता, नंतर तो दुसऱ्या कामावर जाणार होता.

वाटेत खोपोलीला चहाला थांबलो. गावाच्या डोक्यावर घाटाचा कडा आणि त्यावरून खाली उतरलेले वीजघराचे जाडजूड नळ. चहावाल्याला मी पाणी कुठून येतं, कुठे जातं, असे दहा प्रश्न विचारले. तो म्हणाला, "आजी, शाळा तपासायला साहेब पाठवतात तसं तुमाला कोणी हितं पाणी तपासायला पाठवलंय काय?" मनीषा हसून हसून ठसका लागेपर्यंत हसली.

खालापूरजवळ रस्त्याकडेच्या शेतात आमचं चौथं जांभूळ आडवं पडलं होतं. मुळांची चकती माझ्यापेक्षा उंच! क्रेनने ते ट्रेलरवर चढवेपर्यंत रस्ता अडला, तेव्हा मी मध्ये उभी राहून छत्रीने वाहनं थांबवली. तीस वर्षं प्रार्थनेच्या रांगा सांभाळलेला हात आहे हा. एका मोटारसायकलवाल्याने मला चक्क सलाम ठोकला.

सावरडोहला परतलो तेव्हा दुपार कलली होती. काठावर कोणीच काम करत नव्हतं. सगळी मंडळी अंगणात बसून खोबऱ्याचे तुकडे खात होती. प्रकाश हसतमुखाने पुढे आला. "मॅडम, चर खणून झाले नि जेसीबी नुसता उभा होता. म्हटलं तुमचा वेळ वाचवावा. तिन्ही झाडं बसवली. पूजा करून, नारळ वाढवून. बघा तरी, हलणार नायत!"

मनीषा काठाकडे धावली, तिच्यामागे मी. झाडं बसली होती खरी. बुंध्यांची कापलेली गुळगुळीत टोकं नदीत पुढे आली होती आणि त्यांवर हळदकुंकवाचे पट्टे ओढले होते.

"मुळं कुठे आहेत?" मनीषाने विचारलं.

"मातीत," प्रकाश म्हणाला. "मुळं मातीतच पायजेत ना?"

मला आधी हसूच फुटलं, ते मी पदराआड दाबलं. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? लहानपणापासून ज्याने भाताची रोपं लावली तो मुळं मातीतच घालणार. आदल्या दिवशी मनीषा समजावत होती तेव्हा तो कंपनीत पाळीवर होता.

पण खरी अडचण पुढेच होती. झाडं काढून उलटी करावी लागतील म्हटल्यावर हिराबाईंनी हातच जोडले. "नाय गं बाय. नारळ वाढवला, हळदकुंकू लावलं. पुजलेलं उपटायचं नाय. माझ्याच घरावर येईल."

"आजी, असंच ठेवलं तर पहिल्याच पुरात काठ जाईल."

"जाऊ दे. मी जाईन पर्काशकडं. पन पुजलेलं नाय उपटायचं." असं म्हणून त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. प्रकाश आईकडे बघेना, आमच्याकडे बघेना. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

मनीषाने कागदावर आकृती काढली, बाण दाखवले. कोणी बघितलं नाही. मला मात्र राग आवरेना. राग कोणाचा ते माहीत नाही, पण आला की मी उठते. वर्गातही तसंच व्हायचं. "खुरपं द्या मला," मी म्हटलं. "आणि एक बादली पाणी, मुसळ आणि केरसुणी."

"केरसुणी नको, बाई, ती लक्ष्मी," भिंतीकडे तोंड करूनच हिराबाई म्हणाल्या. "खराटा घ्या."

अंगणाला चांगला उतार होता. सारवलेल्या जमिनीवर मी खुरप्याने खुशाल वळणदार चर ओढला. हिराबाईंचं अंगण खराब करायला मला अजिबात लाज वाटली नाही. तोवर चहाचं वचन पाळायला गोदाबाईही नदी ओलांडून येऊन दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "हा हिराबाईंचा काठ. समोरचा हा तुमचा. आणि हे मुसळ म्हणजे आता पुरलंय ते झाड." मुसळ काठात खुपसून टोक चरात पुढे ठेवलं आणि वरून पाणी सोडलं. पाणी मुसळावर आपटलं, त्याच्या टोकाशी गरगरून खड्डा पाडला आणि उसळी मारून समोरच्या काठाचा एक लचका तोडून घेऊन गेलं.

"अगं बया!" गोदाबाई ओरडल्या. "म्हंजे माझं शेत गेलं की!"

"तुमचं शेत आणि यांचं घर, दोन्ही. आता बघा." मुसळ काढून तिथे खराटा खुपसला, काड्या पाण्याकडे करून, आणि दुसरी बादली सोडली. पाणी काड्यांत शिरलं, अडखळलं आणि गुमान पुढे गेलं. दोन्ही काठ जागच्या जागी. मी न सांगताच प्रकाशने तिसरी बादली आणून ओतली.

गोदाबाई पदर खोचून मध्ये आल्या. त्या आल्या होत्या काम बंद पाडायला, हे त्या बहुतेक विसरल्या होत्या. "पर्काश, इकडं बघ. नारळ कोनाच्या नावानं वाढवलास?"

"नदीच्या."

"लाकडाच्या नाय?"

"नाय. नदीमाय, आईचं घर राख, असं बोललो."

"मंग झालं तर! नारळ नदीचा. तो तिला पोचला. लाकडाला नुसतं कुंकू लागलंय. आता तिला पायजे तसं झाड नको द्यायला? पाव्हण्याला बोलवायचं नि पाट उलटा मांडायचा, ही कुटली रीत? विहीणबाई, उठा. उद्या ती झाडं फिरवा, नाय तर तुमच्या लेकीला पाठवून देते हितं, माझं शेत वाहून गेल्यावर तिला खायला काय घालू?"

हिराबाई उठल्या. भांडायला उठल्या असं मला वाटलं, पण त्या चराशी येऊन खाली बसल्या. खराट्याच्या काड्यांमागे बारीक गाळाचा एक ढीग साठला होता. त्यांनी त्यात बोट घातलं. बोटाचं पेर बुडलं.

"एवढ्याशा पाण्यात एवढी माती?"

"हो, आजी," मनीषा म्हणाली.

बोटाला लागलेला गाळ त्यांनी अंगठ्याने चोळून बघितला. "काढा," त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्या अंगणाकडे बघून म्हणाल्या, "नि माझं अंगण कोन सारवणार?" ते मी आणि गोदाबाईंनी मिळून सारवलं. माझं सारवण गोदाबाईंनी पुन्हा सारवलं.

तिसऱ्या दिवशी उजाडताच जेसीबी सुरू झाला. प्रत्येक झाड उचलायच्या आधी हिराबाई त्यावर तांब्याभर पाणी घालून जमिनीला हात लावत होत्या. दुपारपर्यंत तिन्ही झाडं फिरली आणि चौथंही बसलं. आडवे ओंडके, दगड, माती. प्रकाश गाळात गुडघाभर उतरून साखळ्या अडकवत होता आणि प्रत्येक झाडाच्या वेळी "मुळं कुठं?" असं आधी मनीषाला विचारत होता, मग जेसीबीवाला तेच त्याला विचारत होता. संध्याकाळपर्यंत हा प्रश्न गावभर झाला. "जेवलास का?" ऐवजी लोक "मुळं कुठं?" विचारू लागले.

मी काठाच्या पायथ्याशी वाळ्याचे ठोंब लावत होते. वीजघराचं पाणी चढायची वेळ झाली म्हणून मनीषाने हाक मारली. मी "आले, आले" म्हणत राहिले आणि पाणी माझ्याआधी आलं. एक चप्पल चिखलात रुतली, ती ओढायला वाकले आणि सरळ बसले ती नदीतच, कंबरभर पाण्यात. गोदाबाईंनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. "बाई, भूगोल पुरे आता," त्या म्हणाल्या. चप्पल गेली ती गेलीच.

ओल्या लुगड्यानेच मी काठावर उभी राहिले, कारण खाली जे चाललं होतं ते सोडून कपडे बदलायला जाववेना. चढतं पाणी पहिल्या झाडाशी आलं, मुळांच्या जाळ्यात शिरलं, आतल्या आत घुटमळलं आणि पलीकडून निवांत बाहेर पडलं. कड्याच्या पायाशी पाणी जवळजवळ थांबलं होतं. हिराबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत होतो.

दिवस मावळायच्या सुमारास पोपटी लावली. वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, ओवा आणि जाडं मीठ मडक्यात भरायचं, तळाला आणि तोंडाला भांबुर्डा (शेताच्या बांधावर उगवणारा उग्र वासाचा रानपाला) कोंबायचा, मडकं जमिनीवर पालथं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. प्रकाश मडकं घेऊन आला तेव्हा गोदाबाई म्हणाल्या, "हे तरी नीट उलटं घाल रं!" तो बिचारा लाजून हसला. भाजलेल्या शेंगांचा तो वास आणि चव मी बार्शीत कितीही सांगितली तरी कोणाला पटायची नाही. मी किती खाल्लं ते इथे लिहीत नाही.

परतताना प्रकाशने मला मोटारसायकलवर कर्जतला सोडलं. गाडीची वाट बघताना म्हणाला, "बाई, काम चांगलं झालं. पन पाऊस बघितल्याशिवाय मी काय बोलत नाय. पावसाळ्यात टेंपो घेऊन येणारच." गाडी घाट चढू लागली तेव्हा त्याचंच वाक्य डोक्यात होतं. वर्गात मी "नदी बाहेरचा काठ खाते" हे वाक्य किती सहज सांगायचे, मुलंही लिहून घ्यायची, पुढचा धडा सुरू व्हायचा. त्या काठावर कोणाची चूल असेल हे मी कधी विचारलं नाही, मुलांनीही विचारलं नाही. आता वाटतं, निदान एकदा तरी सहल अशा काठावर न्यायला हवी होती.

यंदा बार्शीत पाऊस यथातथाच होता, पण मी रोज बातम्यांत रायगड बघायचे. जुलैत तीन दिवस तिकडे पाऊस कोसळला. मनीषाचा फोन लागेना. चौथ्या दिवशी सकाळी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे पावसाचा आवाज होता आणि कोणीतरी फोनमध्ये गरजेपेक्षा जोरात ओरडत होतं.

"बाई, हिराबाई बोलते! पाणी मुळांवरनं गेलं, दोन दिवस गेलं. उतरलं तवा बघते तर मागं गुडघाभर गाळ!"

"आणि घर?"

"हाय की! चुलीपाशी बसूनच बोलते."

"प्रकाश आला होता का न्यायला?"

"आलता ना, टेंपो घेऊन. काठावर गेला, गाळात उतरून मुळं बघून आला. मंग त्याला जेवाय घातलं, नि लावून दिला परत, रिकामा टेंपो घेऊन."